चला, पाव्हणं

फारूकच्या एका गालावरचा साबण उतरला होता, दुसऱ्या गालावरचा अजून तसाच होता, तेवढ्यात मांडीवरच्या मोबाईलमधून कुणीतरी "चल, चल" म्हणालं आणि दोन टाळ्या वाजल्या. टाळ्याही कशा, तर एक मोठी आणि तिच्या पाठीला लागून एक बारकी, फारूक स्वतः वाजवायचा तशा. सोनबाचा वस्तरा नेमका हनुवटीपाशी होता. "हालू नगा फारूकभाई, नरडं जाईल की," असं म्हणून त्यानं डोकं घट्ट धरलं. फारूक हलला नाही. त्यानं नुसते डोळे खाली मोबाईलकडं वळवले. मोबाईलमध्ये, समुद्रापलीकडच्या कुठल्याशा थंडगार मॉलमध्ये, पांढऱ्याशुभ्र झग्यातला एक तरुण माइकपुढं हसत उभा होता. तो यूसुफ होता, फारूकच्या जुन्या मालकाचा मुलगा.

भोरात सगळ्या आखाताला दुबईच म्हणतात. फारूक दुबईला कधी गेला नव्हता, तो होता दुसऱ्याच देशात, पण 'दुबईवाला' हे बिरूद चिकटलं ते चिकटलं, आणि दुरुस्ती करत बसायचा त्यालाही कंटाळा आला. तिकडून परत आलेल्यांचा मोबाईलवर एक ग्रुप आहे. त्यावर जुन्या मालकांच्या चहाड्या चालतात आणि अधूनमधून कुणी गेल्याची बातमी येते. आज त्यावर हा व्हिडिओ आला होता. तिकडं नवा नियम निघाला होता. घरच्या गाडीवर परदेशी ड्रायव्हर नको, दुकानाच्या गल्ल्यावर परदेशी माणूस नको, नव्यांना व्हिसा नाही आणि जुन्यांचा संपला की वाढवून मिळणार नाही. कुठल्याशा वाहिनीची पोरगी लोकांना विचारत फिरत होती, तुम्हाला काय वाटतं? एक म्हातारी म्हणाली, मग माझ्या नातवंडांना शाळेत सोडणार कोण? एक दाढीवाला म्हणाला, फार उशीर केला, मागेच करायला हवं होतं. एकजण म्हणाला, नियम उत्तम आहे, फक्त आमच्या घरचा स्वयंपाकी तेवढा सोडून. त्याचं फारूकला हसूसुद्धा आलं होतं. आणि मग यूसुफ आला. "ते पाहुणे आहेत," तो त्याच्या त्या घोळदार अरबीत म्हणाला, जी बोबडी होती तेव्हापासून फारूकच्या कानात होती. "पाहुण्यानं जेवावं, दुवा द्यावी आणि उठावं. आमचे पाहुणे उठायलाच तयार नाहीत. आता त्यांना त्यांच्याच भाषेत सांगायला पाहिजे." आणि मग ते. चल, चल. माइकवाली पोरगी खो खो हसली, मागून जाणारी माणसं हसली, आणि यूसुफ त्या हसण्यात लहानपणी मान मागं टाकायचा तशी टाकून उभा राहिला.

सोनबाला अरबी कळायचं काही कारण नव्हतं. "काय म्हनतंय ते?" त्यानं विचारलं.

"काय न्हाई. गंमत करतंय."

"वळखीचं हाय व्हय?"

"पोरगं हाय आपलं," फारूक म्हणाला, आणि बोलून गेल्यावर त्याला कळलं की जीभ अजून जुन्याच रस्त्यानं चाललीय. सोनबानं दुसरा गाल उतरवला, तुरटी फिरवली. तुरटी झोंबली तसं फारूकच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तुरटी होती म्हणून त्याला बरं वाटलं.

राजवाड्यावरून घराकडं चालताना त्या टाळ्या काही त्याला सोडेनात. त्या मुळात इमामबीच्या होत्या. त्याची आई इमामबी अंगणातल्या कोंबड्या हाकलायची तेव्हा अशाच वाजवायची. मोठी टाळी सगळ्यांना, बारकी मागं रेंगाळणारीला. फारूकला शाळेत धाडतानाही त्याच. पुढं फारूक तिकडं गाडी चालवायला गेला. त्या घरातलं थोरलं पोरगं, हाच यूसुफ, बुटाची नाडी बांधता बांधता भिंतीवरच्या पालीकडं बघत बसायचं, शाळेची वेळ टळून जायची, आणि मालकीण ड्रायव्हरला बोलायची. एका सकाळी फारूकच्या हातांनी आपणहून त्या टाळ्या वाजवल्या. चल, चल. पोरगं असं खिदळलं की नाडी न बांधताच पळत आलं. त्या दिवसापासून टाळ्यांशिवाय ते गाडीत बसेना. पाणी, थांब, आई गं, असे शब्द उचलले त्यानं. सिग्नलला गाडी अडली की पुढच्या गाडीला टाळ्या वाजवून चल चल म्हणायचं आणि फारूकच्या गळ्याला मागून मिठी मारायचं. त्या मिठीला खोबरेलाचा आणि खडूचा वास यायचा. इकडं फारूकचं स्वतःचं पोरगं, रियाज, यास्मिनच्या कडेवर वाढत होतं. फारूक सुट्टीवर आला की ते आईच्या मागं लपायचं, आणि यास्मिनला सांगावं लागायचं, "आरं, अब्बा हायेत तुझं, जा की." ते यायचं, पण अनोळखी कुत्र्याजवळ यावं तसं हात आखडून. फारूकला तेव्हा वाईट वाटायचं, आणि विमानात बसल्यावर, अल्ला माफ करो, जरा सुटल्यासारखंही वाटायचं. तिकडं एक पोरगं वाट बघत होतं आणि त्याला सांगावं लागत नव्हतं.

इमामबी गेली तेव्हा यूसुफ घोड्यावरून पडून पाय मोडून घेऊन दवाखान्यात होता. फोन आला तेव्हा फारूक त्याच्या उशाशीच बसला होता. पोरानं बोट धरून ठेवलेलं. मालकीण म्हणाली, फारूक, तू आमच्या घरचाच आहेस, घरचा माणूस अशा वेळी सोडून जातो का? तिनं हे इतक्या मायेनं म्हटलं की फारूकला नाही म्हणायची लाज वाटली. तो आईच्या मातीला आला नाही. इकडं जनाज्याला खांदा द्यायला धनाजी पुढं झाला, भाटघरचा धनाजी, शाळेपासूनचा जोडीदार. धरणाखालच्या डोहात दोघं एकाच दगडावरून उड्या मारायचे. धनाजीनं फोनवर सांगितलं, "फारक्या, तू नगं काळजी करू. तुझ्या जागी म्या हाय." फारूक दवाखान्याच्या जिन्यात बसून रडला होता, आणि रडून झाल्यावर वर जाऊन पोराला संत्रं सोलून दिलं होतं. आज ते संत्रं त्याला आठवलं. साल एका तुकड्यात काढली होती, पोराला तशीच लागायची. त्याचा त्याला एवढा संताप आला की तो रस्त्यात थांबला आणि मागून येणाऱ्या टेम्पोनं हॉर्न दिला.

खुळेपणाची सुरुवात तर त्याहून जुनी. तिकडं लोक त्याला 'रफीक' म्हणून हाक मारायचे. रफीक म्हणजे दोस्त. पहिल्याच महिन्यात त्यानं फोनवर आईला सांगितलं, "अम्मा, हितं समदी मला दोस्त म्हनत्यात." इमामबीनं ते आळीभर सांगितलं, माझ्या लेकाला तिकडची शेठलोकं दोस्त म्हणतात, आहे का कुणाचं नशीब! मग हळूहळू फारूकच्या ध्यानात आलं की रस्ता झाडणाराही रफीक, पंक्चरवालाही रफीक, आणि ज्याचं नाव माहीत करून घ्यायची गरज नाही तो प्रत्येक काळा माणूस रफीक. आईला त्यानं हे कधीच सांगितलं नाही. ती तो शब्द घेऊनच गेली. पण यूसुफनं त्याला रफीक म्हटलं नव्हतं, एकदाही नाही. 'बाबा फारूक' म्हणायचा, आणि त्या एका नावावर फारूकनं सगळं आयुष्य लावून टाकलं. गुडघे गेले म्हणून परत यायला निघाला तेव्हा यूसुफनंच खांद्यावर हात ठेवून सांगितलं, रियाज माझा भाऊ आहे, तो तयार झाला की मला कळव, व्हिसा माझ्याकडे लागला. फारूकनं हे भोरभर केलं. रियाजला गाडी शिकवली, चार अरबी वाक्यं शिकवली, मालकाच्या पोरांशी कसं बोलायचं ते शिकवलं. मधे रियाज दोन ठिकाणी लागत होता, तर यानं लागू दिला नाही. "कशाला हितं घासतोयस? यूसुफ हाय आपला." आता रियाज दिवसभर पारावर बसून मोबाईल बघतो, आणि बापाकडं बघतो तेव्हा लहानपणीसारखाच, हात आखडून.

घरी पोचेपर्यंत त्याला आशेनं पुन्हा गाठलं. माणूस मेला तरी आशेचा श्वास चालू राहतो असं काहीतरी आहे. त्यानं अंगणात उभं राहून यूसुफला फोन लावला. फोन वाजून वाजून बंद झाला. थोड्या वेळानं आवाजाचा निरोप आला, मागं कपबश्यांचा आणि बायकांच्या हसण्याचा आवाज. "बाबा फारूक, तुलाही तो व्हिडिओ पोचला वाटतं! सगळे चेष्टा करतायत माझी. ते तुझ्याबद्दल नव्हतं हं. तू वेगळा आहेस, तू आमच्या घरचाच आहेस. रियाजचं आता अवघड आहे. नियम म्हणजे नियम, मी काय करणार? आईनं सलाम सांगितलाय." फारूकनं तो निरोप पुन्हा ऐकला. तुझ्याबद्दल नव्हतं. मग कुणाबद्दल होतं? त्या टाळ्या त्या देशात दुसऱ्या कुणाच्या होत्या? माझ्या आईच्या टाळ्यांनी मला हाकललास रे, असं त्याला ओरडावंसं वाटलं, अरबीत, मराठीत, कशातही. त्यानं उत्तरात फक्त 'सलाम सांग' असं लिहिलं. इतक्या वर्षांच्या चाकरीनं जिभेला जी सवय लागते ती लागते.

संध्याकाळी धनाजी आला. तो आता नुसता भाटघरचा धनाजी राहिलेला नाही. वरव्याच्या बाजूच्या कारखान्यांना माणसं पुरवतो, पांढरी गाडी आहे, आणि चार माणसांत बोलताना हात मागं बांधतो. आज घरातही त्यानं हात मागंच बांधले होते.

"फारूकभाई, जरा बोलायचं व्हतं तुमच्याशी," तो म्हणाला.

फारूकनं मान वर केली. डोहात ज्यानं त्याला बुडवून वर काढलं होतं, ज्यानं सगळ्या गावात त्याला फारक्या सोडून दुसरी हाक मारली नव्हती, तो धनाजी तुमी म्हणत होता. "धन्या, तू मला कवापासनं भाई म्हनाया लागलास?"

"आता वयं झाली की आपली," धनाजी हसला, पण खाटेवर बसला नाही. "त्याचं काय झालंय, लोकांचं लई बोलणं चाललंय. बाहेरची मानसं लई झाली. आळीत चारजण बसून ठरलंय, त्यांना खोल्या द्यायच्या न्हाईत. कारखान्यात बी आता आपली पोरं घ्या म्हणून आम्ही मागं लागलोय. तुमच्या मागच्या खोलीत तो हाय ना, ओडिशाचा."

"तूच आणलास की त्याला. आपली पोरं रातपाळी करत न्हाईत म्हणून."

"तवा आणला. आता वारं फिरलंय," धनाजी म्हणाला. "तुमी तर बाहेर राहून आलाय, तुमाला काय सांगायचं? तिकडं बी हेच चाललंय न्हवं? घर ज्याचं, त्याची पोरं आधी. आन् मी काय म्हंतो, त्याच्या जागेवर रियाजला लावू. उद्याच पाठवा. त्या ओडिशावाल्याला मी गेटवर सांगतो, काम संपलं म्हणून, तुमी खोली तेवढी रिकामी करून घ्या. लोक इचारत व्हते, ह्यांचं पोरगं कसं घेता म्हणून. मी म्हनलं, ते काय परके हायेत का? आपलेच हायेत."

आपलेच. फारूक त्या 'च'पाशी अडखळला. धनाजीच्या सख्ख्या भावाला कुणी आपलाच म्हणत नाही, सोनबाला म्हणत नाही, देवळाच्या पुजाऱ्याला म्हणत नाही. ते नुसतेच असतात. ज्याच्याबद्दल कुणीतरी कुठंतरी विचारलेलं असतं, त्यालाच तो 'च' लावावा लागतो. मालकीणसुद्धा घरचाच म्हणाली होती. पिढ्यान्‌पिढ्या ह्या मातीत आम्ही पुरलो गेलो, फारूकच्या मनात आलं, आणि माझी बाजू कुणाला तरी घ्यावी लागली. हे धनाजीला सांगावं, असं ओठांपर्यंत आलं. पण दारात रियाज उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं, आणि कितीतरी दिवसांनी तो बापाकडं सरळ बघत होता. त्या बघण्यात जे होतं ते फारूकला पूर्वी फक्त एकाच पोराच्या डोळ्यांत दिसलं होतं, गाडीच्या आरशात.

"बरं," फारूक म्हणाला.

मागच्या खोलीतल्या माणसाचं नाव बैकुंठ. पस्तिशीचा, गावाकडं बायको आणि दोन पोरी, बोटं प्लास्टिकच्या साच्यानं भाजून भाजून गुळगुळीत झालेली. भोरात असं नाव घेऊन यावं म्हणजे कमालच. फारूक आता टेम्पोनं कारखान्यांना पुठ्ठ्याचे खोके पोचवायचा; पहिल्याच सकाळी तो त्याला त्या टेम्पोत बसवून वरव्याला निघाला होता, रस्त्यात सोनबाचा फोन आला, तर फारूक म्हणाला, "वैकुंठाला घेऊन चाललोय." सोनबानं दुकान बंद केलं आणि कोण गेलं म्हणून विचारत घरी येऊन उभा राहिला. दोन दिवस आळीत हशा चालला होता. यास्मिन म्हणाली, सकाळी सकाळी हे नाव नको बाई घ्यायला, आणि तेव्हापासून तो पाव्हणं झाला. पाव्हणं, चहा घ्या. पाव्हणं, नळ आला. पाव्हणं काय, इथं बसस्टँडवर वाट विचारणारालाही म्हणतात. पण ह्याला कारखान्यात कुणीतरी सांगितलं की मराठीत पाव्हणं म्हणजे सोयरा, लेकीबाळी ज्याच्या घरी दिल्या-घेतल्या तो. केवढा हरखला! अंगणात उभं राहून आईला फोनवर त्याच्या भाषेत सांगत होता, आणि मधे मधे तो एक शब्द येत होता, पाव्हणं, पाव्हणं. फारूक तेव्हा पायरीवर बसून बूट काढत होता. त्याला इमामबीचाच आवाज ऐकू आल्यासारखं झालं, माझ्या लेकाला दोस्त म्हणतात. आत्ताच सांगावं ह्याला, असं वाटलं होतं. मग वाटलं, राहू दे, त्याची आई खूष होईल. त्यानं बूट काढले आणि आत गेला.

सकाळी टेम्पोत पुठ्ठ्याचे खोके भरून झाले. यास्मिननं दोन डबे आणून दिले, एक रियाजचा आणि एक, रोजच्या सवयीनं, बैकुंठचा. देताना ती कुणाकडं बघत नव्हती. रियाजनं ईदचा शर्ट घातला होता, केसांना पाणी लावलं होतं, आणि तो चपला सोडून बूट शोधायला परत घरात गेला होता. फारूक मागच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिला. आधी सांगायचं, असं त्यानं ठरवलं होतं. गेटवर चार माणसांत कळण्यापेक्षा इथं कळावं, तोंडावर सांगावं, एवढं तरी. खोलीत चटई गुंडाळून भिंतीला लावलेली, खुंटीवर दोन शर्ट, खिडकीत पोरींचा फोटो. बैकुंठ खाली बसून बुटाची नाडी बांधत होता. बांधता बांधता थांबला आणि भिंतीवर कुठंतरी बघत राहिला. पोरींचं काही आठवलं असेल, नाहीतर नुसतीच झोप असेल.

फारूकनं तोंड उघडलं. खोली खाली कर. लोक ऐकत नाहीत. नियम म्हणजे नियम, मी काय करणार? ते तुझ्याबद्दल नाही, तू वेगळा आहेस. वाक्यं सगळी तयार होती, कालच ऐकलेली, आणि कुणाच्या आवाजात होती तेही त्याला स्पष्ट ऐकू येत होतं. त्याला स्वतःची शिसारी आली. आणि त्या शिसारीतच राग उसळला, बैकुंठवर, त्याच्या त्या सावकाश नाडीवर, इतकी वर्षं घासूनही शहाणपण न येणाऱ्या असल्या सगळ्या माणसांवर. हात वर आले. एक टाळी मोठी वाजली, तिच्या पाठीला लागून एक बारकी.

"चला, पाव्हणं. चला."

त्याच्यापरीनं त्यानं सांगून टाकलं होतं. त्याहून उघड त्याला सांगता आलं नसतं. बैकुंठनं वर पाहिलं आणि तोंडभर हसला. रोज सकाळी फारूक हेच म्हणायचा, फक्त टाळ्या आज नव्या होत्या. त्यानंही उठता उठता तशा दोन वाजवून पाहिल्या, जमल्या नाहीत, आणि डबा घेऊन टेम्पोकडं पळाला. फारूक मागून आला. स्टिअरिंगवर बसला, किल्ली फिरवली, आणि समोरच्या काचेवर वाळलेल्या चिखलाचा एक थेंब होता त्याच्याकडं बघत राहिला. एवढ्यात रियाज बूट वाजवत आला आणि दाराशी थांबला. आत बैकुंठ बसलेला बघून त्याला काय करावं कळेना.

"आज रियाजभाई पण?" बैकुंठ म्हणाला. "लई बरं झालं."

मग त्यानं डबा मांडीवर घेतला आणि रियाजला नीट बसता यावं म्हणून तो आत सरकला.